आधी ‘कुठे?’ विचारा, मग ‘काय?’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. शिक्षण बारावी आणि डी.एड. त्यामुळे मेडिकलच्या अभ्यासावर मी लिहायला बसले हे पाहून काही जण हसतील. हसू द्या. माझा धाकटा भाऊ एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या महिन्यात त्याची मेडिसिनची परीक्षा आहे, आणि गेली दोन वर्षं त्याच्या न्यूरोॲनाटॉमीच्या उजळणीला समोर बसणारी श्रोता मीच आहे. यातून माझं एक ठाम मत झालं आहे. मेंदूचा आणि नसांचा अभ्यास मुलांना अवघड जातो तो विषयामुळे कमी आणि उजळणीच्या पद्धतीमुळे जास्त. ती पद्धत आपण प्राथमिक शाळेतच त्यांना लावून देतो, म्हणून या लेखात आपलीही थोडी उलटतपासणी आहे.

आधी घडलेलं सांगते.

भाऊ पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत नापास झाला होता. मराठी माध्यमातून दहावी, बारावीला चांगले मार्क, नीटमधून सरकारी कॉलेज, आणि पहिल्याच परीक्षेत हे. घरात कुणी बोललं नाही, पण आईने महिनाभर शेजारणींकडे जाणं बंद केलं होतं. सप्लिमेंटरीत तो सुटला. कसा सुटला? पाठांतर करून. चौरसियांच्या पुस्तकाच्या मेंदूच्या खंडात एक ओळ रंगवायची शिल्लक नव्हती. पिवळा, गुलाबी, हिरवा. बारा क्रॅनिअल नर्व्हचा क्रम, प्रत्येकीचं न्यूक्लियस, कवटीतून बाहेर पडायचं भोक, सगळं तोंडपाठ.

तो दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आला होता. एका रविवारी सकाळी बाबा चहा पीत होते, तर चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून खाली गळायला लागला. डावा डोळा मिटेना. आई ओरडली, “लकवा मारला!” शेजारच्या काकांनी लगेच कबुतराचं रक्त चोळायचा उपाय सुचवला. सगळे भावाकडे बघत होते, कारण घरातला डॉक्टर तोच. तो उभाच राहिला, चेहरा पांढराफटक. आम्ही गाडी करून बाबांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी बाबांना म्हटलं, “काका, कपाळाला आठ्या पाडा बघू.” उजवीकडे आठ्या पडल्या, डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. मग त्यांनी हातपाय उचलायला लावले, बोलायला लावलं, कानात आणि कानाच्या मागे पुरळ आहे का बघितलं, आणि म्हणाल्या, “मेंदूत काही झालेलं दिसत नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. बेल्स पाल्सी.” गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले, रात्री डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली. दोनेक महिन्यांत बाबा बरे झाले.

त्या रात्री भाऊ ओट्यावर बसून मला म्हणाला, “ताई, फेशियल नर्व्हच्या पाचही फांद्या मला पाठ आहेत गं. पण मी बाबांच्या कपाळाकडे बघितलंच नाही.”

कपाळाचं गणित तसं सोपं आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, चेहऱ्याच्या खालच्या भागाला मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. म्हणून मेंदूच्या एका बाजूला झटका आला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळाला आठ्या पडतात. नसच बिघडली तर कपाळही जातं. एवढं भावाने वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्याच्या डोक्यात ते ‘फेशियल नर्व्ह’ या धड्याखाली साठवलेलं होतं, आणि बाबा काही धड्याचं नाव सांगत आले नव्हते.

(इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. हे वाचून कुणी घरच्या घरी आठ्या मोजून निर्णय घेऊ नका. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की थेट मोठ्या दवाखान्यात. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. कबुतरं शोधण्यात तो वेळ घालवू नका.)

आता हे माझ्या वर्गात रोज घडतं. मुलांना पंधराचा पाढा येतो, उलटा येतो, मधूनही येतो. मग शाब्दिक उदाहरण दिलं की एक हात वर होतो, “बाई, यात गुणाकार करायचा का भागाकार?” तोच प्रश्न मेडिकलचा विद्यार्थी वॉर्डात मनात विचारतो. फक्त त्याला हात वर करता येत नाही. अमेरिकेतल्या राल्फ जोझेफोविच या न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये या भीतीला ‘न्यूरोफोबिया’ असं नावच दिलं. पुस्तकात शिकलेलं मूलभूत ज्ञान समोरच्या रुग्णाला लावता येत नाही, त्यातून ही भीती येते, असं त्यांचं म्हणणं. भावाने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या वर्गात याला ‘शाब्दिक उदाहरणांची भीती’ म्हणतात.

मग आम्ही उजळणीची सुरुवातच बदलली. मी एकच अट घातली, पुस्तक बंद. माझ्या मुलीला फरशीवर आडवं झोपवलं, खडूने तिच्या भोवती आकृती काढली, आणि कार्यानुभवाच्या पेटीतली तीन रंगांची लोकर आणली. लाल लोकर म्हणजे मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूम. निळी म्हणजे सांधा कुठे आहे, कंप जाणवतो का, ही खबर वर नेणारी. पिवळी म्हणजे वेदना आणि थंड-गरम यांची खबर नेणारी. आणि भावाला एकच प्रश्न: प्रत्येक गाडी कुठल्या फाट्यावर रस्ता ओलांडते?

लाल लोकर डाव्या मेंदूतून निघते, खाली मेडुलापर्यंत येते आणि तिथे बहुतेक सगळी उजवीकडे जाते. निळी उजव्या पायातून निघून मज्जारज्जूच्या उजव्याच बाजूने वर चढते आणि मेडुलात पोचल्यावर डावीकडे वळते. पिवळी मात्र घाईची. मज्जारज्जूत शिरली की एक-दोन मणक्यांच्या आतच पलीकडे जाते आणि पलीकडच्या बाजूने वर चढते. इतकंच. यात पाठ करायचे फाटे दोनच, मेडुला आणि शिरण्याची जागा.

मग मी कात्री घेतली आणि म्हटलं, पाठीच्या मध्यावर मज्जारज्जूची फक्त उजवी बाजू कापते, काय होईल सांग. लाल तुटली, म्हणजे उजवा पाय लुळा. निळी तुटली, म्हणजे उजव्या पायाचा अंगठा वर आहे की खाली ते डोळे मिटल्यावर कळणार नाही. पिवळी? तो अडला. कारण आम्ही लोकर फक्त उजव्या पायाची टाकली होती आणि ती कधीच डावीकडे निघून गेली होती. डाव्या पायाची पिवळी लोकर टाकली तेव्हा दिसलं की ती उजवीकडून वर चढते आहे आणि कात्रीत तीच सापडली आहे. म्हणजे टाचणीचं टोचणं कळणार नाही ते डाव्या पायाला! भाऊ म्हणाला, “अगं, हा तर ब्राऊन-सेकार्ड!” मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मलेल्या या डॉक्टरचं नाव त्याने दोन वर्षं पाठ केलं होतं. त्या दिवशी त्याला ते नाव विसरलं तरी चालेल हे कळलं. माझी मुलगी मात्र कात्री बघून उठून पळाली, तो प्रयोग पुन्हा बाहुलीवर करावा लागला.

ब्रेनस्टेमसाठी आम्ही वाडा काढला, तीन मजल्यांचा. वरच्या मजल्यावर, म्हणजे मिडब्रेनमध्ये, तिसरी आणि चौथी नस. मधल्या पॉन्समध्ये पाच ते आठ. तळमजल्यावर मेडुलात नऊ ते बारा. पहिल्या दोन वाड्याच्या बाहेरच्या, त्या थेट मोठ्या मेंदूशी जोडलेल्या. ही वाटणी ढोबळ आहे, भाऊ लगेच म्हणाला की पाचवीचं एक न्यूक्लियस लांबच लांब खालपर्यंत जातं. असू दे. ढोबळ नकाशा आधी, बोळ नंतर. आता गंमत बघा. चेहऱ्याची नस ज्या बाजूला राहते त्याच बाजूच्या चेहऱ्याला जाते, पण त्याच वाड्यातून जाणारी लाल आणि पिवळी लोकर दुसऱ्या बाजूच्या अंगाची असते. म्हणून चेहरा एका बाजूचा आणि हातपाय दुसऱ्या बाजूचे बिघडले असतील तर पहिला संशय ब्रेनस्टेमचा घ्यायचा. वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेल्या आजारात असंच होतं. चेहऱ्याच्या एका बाजूची आणि अंगाच्या दुसऱ्या बाजूची वेदना जाते, शिवाय गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, घर फिरायला लागतं. भावाने ही यादी पूर्वी सात-आठ ओळींत पाठ केली होती. एकाच मजल्यावरची ही सगळी बिऱ्हाडं, तिथलं पाणी तोडलं की सगळ्यांच्याच नळाला पाणी नाही, असं समजल्यावर यादी पाठ करावी लागली नाही.

जागा कळली की मग ‘काय?’ आणि तिथे मुख्य विचारायचं ते ‘किती वेळात?’ क्षणात झालं तर रक्तवाहिनी. काही दिवसांत वाढलं तर सूज किंवा जंतुसंसर्ग. महिनोन्महिने वाढत गेलं तर गाठ किंवा झीज. अपवाद आहेत, ते नंतर येतात. भावाचे मित्र उलट करतात. आधी आजाराचं नाव आठवतात आणि मग लक्षणं त्यात कोंबतात. व्हायवाला परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतात, बिघाड कुठे आहे? आणि मुलगा सांगतो, सर, स्ट्रोक. प्रश्न गावाचा, उत्तर आडनावाचं!

आता आपल्या भागातलं एक उदाहरण. पोलिओ रविवारी बूथवर ड्यूटी केलेले आपण सगळे. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण पोलिओने पाय गेलेली मोठी माणसं प्रत्येक गावात अजून आहेत. आणि विदर्भात जुन्या लोकांना लाख डाळीने पाय जाणं माहीत आहे. दुष्काळात महिनोन्महिने तीच डाळ खाऊन राहिलेल्या लोकांचे पाय कडक व्हायचे. दोन्ही आजारांत पाय जातात, दोन्हींत स्पर्श आणि वेदना शाबूत राहतात. मग फरक काय? पोलिओचा पाय बारीक, ढिला, गुडघ्याखाली हातोडी मारली तर हलत नाही. लाख डाळीचा पाय ताठ, चालताना कात्रीसारखा एकावर एक येतो, हातोडी मारली तर जोरात उडतो. पहिल्यात मज्जारज्जूतल्या शेवटच्या पेशी मेल्या, म्हणजे हुकूम पोचवणारा गावचा कोतवालच गेला. दुसऱ्यात कोतवाल आहे, पण वरून येणारी लाल लोकर बिघडली, त्याला आवरणारा कुणी नाही. अप्पर मोटर न्यूरॉन आणि लोअर मोटर न्यूरॉन यांचा तक्ता मुलं दोन रकान्यांत घोकतात. ही दोन माणसं शेजारी उभी करा, तक्ता लागत नाही.

आणि याहून महत्त्वाचं म्हणजे भाषा. माझ्या भावाला कॉलेजात सगळ्यात जास्त लाज वाटली ती इंग्रजीची. पण वॉर्डात येणारा रुग्ण कुठे इंग्रजीत बोलतो? तो म्हणतो, “डॉक्टर, चप्पल पायातून निसटते.” इथे पुढचा प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे: निसटल्यावर कळतं का? कळतं पण धरून ठेवता येत नाही, तर ताकद कमी. कळतच नाही, चार पावलं गेल्यावर कुणीतरी सांगतं, तर निळी लोकर किंवा पायाच्या नसा. “बेसिनवर तोंड धुताना तोल जातो” हे वाक्य ऐकलं की कान टवकारले पाहिजेत. तोंड धुताना डोळे मिटलेले असतात. डोळ्यांचा आधार गेला आणि पायांकडून खबर येत नाही, म्हणून माणूस पुढे झोकांडतो. “उकिडवं बसलं की उठवत नाही” म्हणजे मांडी-कमरेजवळचे स्नायू. “भात कालवता येत नाही, बटण लागत नाही” म्हणजे बोटांचे. “चक्कर येते” या एका शब्दात तर तीन आजार लपलेले. घर फिरतंय, की डोळ्यापुढे अंधारी येते, की नुसता तोल जातो? आणि ‘मुंग्या’, ‘झिणझिण्या’, ‘बधिर’ हे आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत. कोपर दाराला आपटल्यावर करंगळीत झिणझिण्या येतात, अंगठ्यात का येत नाहीत? हा प्रश्न चौथीच्या पोराला विचारा, तो स्वतःचं कोपर आपटून बघेल. अल्नर नर्व्ह त्याला तिथेच समजली.

आई, मावशी, गल्लीतली आजी ज्या भाषेत दुखणं सांगतात त्या भाषेत मराठी माध्यमाचा मुलगा वाढलेला असतो. हे त्याचं भांडवल आहे, आणि आपण त्याला ती उणीव वाटायला लावतो. भावाची केस तो आधी मला मराठीत सांगतो, मला कळली तरच इंग्रजीत लिहितो. मला नाही कळली तर बहुतेक वेळा त्यालाही नीट कळलेली नसते. उत्तर शेवटी इंग्रजीतच लिहायचं आहे, त्यात वाद नाही. पण विचार आधी व्हावा, भाषांतर नंतर.

पाठांतराला मी शिव्या देत नाही हेही सांगते. बारा नसांचा क्रम, मज्जारज्जूच्या नसांच्या एकतीस जोड्या, मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो म्हणून पाठीतलं पाणी त्याच्या खालून काढतात, हे पाठच पाहिजे. पाढेही पाठच पाहिजेत. माझा राग आहे तो पुन्हा पुन्हा वाचण्यावर. रंगवलेलं पान तिसऱ्यांदा वाचलं की ओळखीचं वाटतं आणि मुलगा समजतो, आलं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिलं. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील याची खात्री कुणाला जास्त वाटत होती? नुसत्या वाचणाऱ्यांना.

म्हणून भावाचं आता असं चालतं. कोरा कागद, तीन रंगाची पेनं, आठवणीतून आकृती. मग पुस्तक उघडून चुका लाल शाईने. तीच आकृती तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. पहिल्यांदा निम्मी चुकली की तो चिडतो. मी म्हणते, चुकलेला कागद फेकू नकोस, तारीख घाल. मोबाइलवरचे पर्यायी प्रश्नही तो सोडवतो, पण पर्याय हाताने झाकून, आधी उत्तर तोंडाने सांगून.

कॉलेजच्या वेळापत्रकाबद्दलही एक तक्रार आहे. मेंदूची रचना पहिल्या वर्षी आणि मेंदूचे आजार शेवटी. मधल्या काळात सगळं पुसलं जातं. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच रुग्णांशी ओळख करून द्यायची सोय आहे, ही चांगली गोष्ट. पण ती ओळख हजेरीपुरती राहिली तर उपयोग नाही. फेशियल नर्व्ह शिकवली त्याच आठवड्यात वाकड्या तोंडाचा एक माणूस दाखवा, कपाळ बघायला लावा. माझ्या भावाला ते बाबांच्या चेहऱ्यावर शिकावं लागलं.

परवा रात्री साडेदहाला हॉस्टेलवरून त्याचा फोन आला. मी वह्या तपासत होते. म्हणाला, “ताई, आज एक आजी आल्या होत्या. माळकरी, आयुष्यभर शाकाहारी. सहा महिन्यांपासून रात्री अंगणात जाताना तोल जातो म्हणतात, आणि चप्पल निसटते. सांग, कुठे?”

मी विचारलं, “निसटलेली कळते का त्यांना?”

“तेच विचारलं मी आधी,” तो म्हणाला. “नाही कळत.”